साखरेतली धूळ

कॅम्परचं दार नीट लागायचं नाही,
म्हणून बाबांनी ते कुत्र्याच्या पट्ट्यानं बांधलं.
कुत्रा मागच्याच हिवाळ्यात गेला होता.
पट्टा तेवढा आमच्याबरोबर उत्तरेला निघाला.

डॉसन मागे पडलं आणि डांबर संपलं.
पुढे सातशेच्या वर किलोमीटर नुसती खडी.
समोरून ट्रक आला की आई डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकायची,
जणू काच तिनंच अडवून धरली आहे.
तरी तिसऱ्या दिवशी तडा गेलाच,
आणि मग तो रोज बोटभर पुढे सरकू लागला,
आमच्यासारखाच, न बोलता.

बाबांची आरागिरणी एप्रिलमध्ये बंद पडली होती.
हे कुणी म्हणायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं.
"रस्ता संपतो तिथं समुद्र आहे,
तो बघून येऊ," एवढंच बाबा म्हणाले होते,
आणि दोन स्टेपन्या, चार कॅन पेट्रोल
यादी न करताच भरलं होतं.

धूळ सगळीकडे. चमच्यांच्या खणात, पत्त्यांच्या कॅटात,
क्लेमच्या कानामागे.
साखरेच्या डब्यात तर तिनं घरच केलं.
चहा दाताखाली कचकचायचा.

रात्र व्हायचं नाव घेईना.
आईनं खिडक्यांना चंदेरी फॉइल चिकटवलं,
तरी एक भोक राहिलंच, आणि पहाटे दोनचं ऊन
क्लेमच्या गालावर नाण्याएवढं बसून असायचं.
बाहेर स्प्रूसची झाडं, शंभर वर्षांची,
उंची जेमतेम बाबांएवढी,
खालची गोठलेली माती सुटली म्हणून वाकडीतिकडी.
"लग्नाहून परतलेले काका," क्लेम म्हणाला.
बाबा हसले नाहीत. आई हसली,
मग खिडकीकडे वळली.

पील नदीवर फेरी बंद होती.
पाणी चढलेलं, त्यातून मुळांसकट झाडं चाललेली.
दोन दिवस रांगेत.
आमच्या मागच्या पिकअपमध्ये एफी होती,
व्हाइटहॉर्सहून दात काढून घरी निघालेली,
फोर्ट मॅकफर्सनला, पलीकडच्या काठापासून थोडंच पुढे.
"माझं गाव दिसतंय म्हणायला हरकत नाही," ती म्हणाली,
"पण आज सूप इथंच प्यावं लागणार."
तिनं सुकवलेला मासा दिला, वर लोणी.
आईनं बिस्किटं दिली. धुळीबद्दल माफी मागितली.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळ होती तेव्हा,
डासांच्या जाळीआत पत्ते पडले.
एफीनं बाबांना तीनदा हरवलं,
सुजलेला गाल एका हाताने धरून.
चौथ्या डावाला पानं पिसता पिसता विचारलं,
"काम काय करतोस?"

आईच्या हातात बशी होती. ती पुसायची थांबली.
क्लेमनं माझ्याकडे पाहिलं.
स्टोव्हवरची किटली तेवढी बोलत होती.

"काही नाही," बाबा म्हणाले.
"सध्या काही नाही."

"बरं," एफी म्हणाली. "पानं उचल."

त्यांनी पानं उचलली.
मी बघत होते, हात थरथरतोय का म्हणून.
नव्हता. उलट त्या डावात ते जिंकले,
आणि एफीला खरंच राग आला.

दुसऱ्या दिवशी फेरी सुटली तेव्हा
स्टिअरिंगवर आई बसली. मागे कॅम्पर लावून
तिनं आजवर अंगणसुद्धा ओलांडलं नव्हतं.
बाबा खाली उतरून चिखलात उभे राहिले,
हातांनी खुणा करत, सगळ्या चुकीच्या.
तिनं एकही पाहिली नाही. गाडी चढली.

समुद्र राखाडी होता.
काठाला बर्फाचे मळके तुकडे.
क्लेमनं बूट भिजवले, बाबांनी एक फोटो काढला,
त्यात फक्त वारा आलाय.
अर्ध्या तासात परत फिरलो.

घरी आल्यावर आईनं साखर चाळायला घेतली.
चाळणीत काहीच उरलं नाही,
धूळ साखरेहून बारीक निघाली.
मग तिनं ती तशीच वापरली.
नोव्हेंबर संपेपर्यंत, बाबांना नवं काम लागेपर्यंत,
आणि त्यानंतरही थोडे दिवस,
सकाळच्या चहात आमच्या दातांखाली
रस्ता येत राहिला.